चढणीला पास झालेले टायर

मधुकरला आम्ही मारायलाच निघालो होतो, यात मला काही लपवायचं नाही. अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात, भर दुपारी, अळणावरच्या जीप स्टँडवर त्याला बॉनेटवर बांधला, तेव्हा दोराची एक गाठ मी स्वतः मारली होती. चांगली आवळून मारली होती. मी भारती. माझा नवरा लक्ष्मण अळणावर-धारवाड लाइनीवर जीप चालवायचा आणि मधुकरच्या दुकानातल्या टायरनं त्याचा जीव घेतला होता. ज्या जीपवर मधुकरला बांधला ती संतोषची, म्हणजे माझ्या धाकट्या दिराची. आता लोक म्हणतात, रागाच्या भरात झालं. कसलं रागाच्या भरात! तेरावा होईपर्यंत आम्ही दम धरला होता, मग गेलो.

टायरचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कंपनीचे नवे टायर जीपवाल्यांना कधी परवडले नाहीत. त्यामुळं हुबळीकडचे दुकानदार स्वस्तातला माल घेऊन आमच्या स्टँडवर यायचे. कुणाचा मिलिटरीच्या लिलावातला, कुणाचा रिसोल केलेला, म्हणजे झिजलेल्या टायरच्या अंगावर नव्या रबराचा पट्टा चिकटवलेला. जो तो आपलाच टायर जंगलात, चिखलात, दगडात कसा चालतो ते सांगायचा. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? म्हणून स्टँडनं परीक्षा ठेवली होती. स्टँडच्या मागं कौलांच्या भट्टीसाठी माती काढून काढून मोठा खड्डा झाला होता आणि त्याच्या एका अंगाला लाल मातीची उभी चढण होती. पावसाच्या तोंडावर त्या चढणीवर टँकरनं पाणी सोडायचं. माती लोण्यासारखी झाली की नवे टायर घातलेली जीप खाली उतरवायची आणि तिच्यावर पंधरा माणसं उभी करायची. बॉनेटच्या एका बाजूला टायर विकणारा बसायचा, दुसऱ्या बाजूला माझे सासरे धोंडिबा. हलगी वाजायला लागायची. जीप वर आली की सासरे डोक्यावरची टोपी हवेत उडवायचे. टोपी उडाली की टायर पास, आणि त्या वर्षी सगळं स्टँड तोच टायर घेणार.

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणायचे. त्यांनी तरुणपणी जंगलातनं लाकडाच्या लॉऱ्या चालवल्या होत्या. तेव्हा रस्ता नावाची चीजच नव्हती, जो चिखलातनं वर निघाला तो घरी आला. ही परीक्षा त्यांनीच सुरू केलेली. पुढं गावोगाव डांबर आलं. जीपवाले वर्षातले आठ महिने तापलेल्या डांबरावर वीस-वीस माणसं कोंबून पळायला लागले, पण परीक्षा मात्र चिखलाचीच राहिली. पोरगं मॅट्रिकला गेलं तरी त्याला पहिलीचाच पेपर द्यायचा, असला तो प्रकार. आणि अप्पांसमोर हे बोलायची कुणाची छाती नव्हती. मलाही त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नव्हतं. परीक्षेचा दिवस म्हणजे जत्राच असायची.

आदल्या वर्षी मधुकर आला. धारवाडच्या पलीकडं, हुबळीच्या वाटेवर, रायापूरला त्याचं दुकान होतं. माणूस मऊ बोलायचा, शर्ट इस्त्रीचा. त्याचे टायर रिसोलचेच, पण नक्षी अशी की एकेक ठोकळा मुठीएवढा. जीप एका दमात चढण चढून वर आली. टोपी उडाली, नारळ फुटला, स्टँडवरच्या एकूण एक जीपला मधुकरचे टायर लागले. पावसाळाभर एकही जीप रुतली नाही. लक्ष्मण म्हणायचा, "हे टायर नव्हेत गं, हत्तीचे पाय आहेत!"

एप्रिलच्या शेवटी, बाजाराच्या दिवशी, केळगेरीच्या तळ्याच्या अलीकडं मागच्या टायरचा पट्टा सुटला. जीप तीन कोलांट्या खाऊन पडली. बाकीच्यांचे हातपाय मोडले, लक्ष्मण तेवढा गेला. मला दुसऱ्या जीपमधनं नेलं तेव्हा तो अजून पडलेल्या जीपमध्येच होता. स्टेअरिंग छातीत घुसलं होतं आणि ते काढायला गेलं की तोंडातनं रक्त यायचं, म्हणून कुणी हात लावत नव्हतं. मी लावला. त्याचा एक डोळा उघडा होता, तो मी मिटला. शेजारी तो रबराचा पट्टा सोललेल्या सालीसारखा अख्खा पडला होता. त्याचे ठोकळे म्हणावे तसे झिजलेसुद्धा नव्हते. मी तो पट्टा उचलून घरी आणला आणि तेरा दिवस दारात टाकून ठेवला. येणारा-जाणारा त्याच्याकडं बघून मधुकरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. अप्पा मात्र मागच्या पायरीवर गप्प बसून असायचे. पोटचा पोर गेला, म्हाताऱ्याची वाचा बसली, असं सगळे म्हणाले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी संतोष टामी घेऊन निघाला. टामी म्हणजे चाक खोलायची लोखंडी कांब. स्टँडवरच्या दोन जीपा भरल्या. नवरा जाऊन पंधरवडा होतोय आणि बाईमाणसानं असा उंबरा ओलांडायचा नसतो, असं सासूबाई म्हणाल्या. मी पायात चप्पल घातली आणि जीपमध्ये पुढं जाऊन बसले.

मधुकर दुकानात डबा खात होता. संतोषनं त्याला एका शब्दानं काही विचारलं नाही. आत शिरल्याशिरल्या त्याच्या गुडघ्यावर टामी घातली. मधुकर डब्यावरच कोसळला. उठायला गेला तर स्टँडवरच्यांनी लाथा घालून त्याला भिंतीशी रचलेल्या टायरांत ढकलला आणि ती चळत त्याच्या अंगावर पाडली. मी त्याचे केस धरून डोकं वर केलं, कारण मला त्याचं तोंड बघायचं होतं. तोंडाला भात लागला होता आणि डोळ्यांत भीती होती. मला बरं वाटलं. "बेडा अण्णा, बेडा," नको नको म्हणत तो कानडीत रडायला लागला. शेजारच्या वर्कशॉपमधनं दोघं धावत आले. संतोषनं टामी त्यांच्याकडं वळवली आणि म्हणाला, "ह्याच्या टायरनं आमचा माणूस मेलाय." ते होते तिथंच थांबले. त्या रस्त्यावर रोज कुणी ना कुणी मरायचं, त्यांना पटलं असावं.

मधुकरला जीपच्या मधल्या फटीत पालथा घातला, वर ताडपत्री टाकली आणि त्याच्यावर पाय ठेवून आम्ही बसलो. धारवाड गावातनं जाताना तो ओरडायला लागला की मी टाच दाबायची. त्याच्या बरगड्या माझ्या टाचेला लागत होत्या.

अळणावरला स्टँडवर त्याला उतरवला तेव्हा गर्दी तयारच होती. ज्याच्या हाताला जे लागलं त्यानं ते मारलं. कुणी कमरेचा पट्टा, कुणी चप्पल, कुणी पंपाची नळी. संतोषनं सगळ्यांना बाजूला सारलं.

"असा मरायचा नाही हा," तो म्हणाला. "त्याची परीक्षा घ्यायची. माझ्या जीपला त्याचेच टायर आहेत. ह्याला बॉनेटवर बांधतो आणि केळगेरीपर्यंत फुल्ल पळवतो. टायर टिकले तर सोडला. पट्टा सुटला तर आमच्या लक्ष्मणअण्णाच्या मागोमाग जाईल."

लोकांनी शिट्ट्या मारल्या. मधुकरला उचलून बॉनेटवर बसवला, हात मागं ओढून काचेच्या चौकटीला बांधले, कमरेला दोर घातला. तिथंच मी माझी गाठ मारली. मग संतोष म्हणाला, "चला, चढा रे वर. भरलेली जीप पाहिजे." आणि काय सांगू, चढणीच्या परीक्षेला जागेसाठी भांडणारे ते बहाद्दर एकसाथ मागं सरले! एकाला घरी काम आठवलं, एक बिडी पेटवत बसला. मला इतका संताप आला की मी थुंकले. शेवटी भट्टीवरची मातीची पोती आणून जीप भरली.

मधुकर तेव्हा ओरडला. "मी सांगितलं होतं! डांबरावर पळवू नका म्हणून सांगितलं होतं. अप्पांना विचारा!"

"होडी अवन्न," मारा त्याला, असं गर्दीतनं कुणीतरी ओरडलं. संतोषनं टामीचं टोक त्याच्या तोंडावर मारलं. दात तुटून बॉनेटवर पडले. मी वळून पाहिलं तर अप्पा गर्दीच्या मागं उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, म्हाताऱ्याला रक्त बघवत नाही. पण ते पुढं आले आणि मागच्या पोत्यांवर चढून बसले. पोराचा सूड डोळ्यांनी बघायचा असेल, असं मी धरून चालले.

मी संतोषच्या शेजारी बसले. "वैनी, तू उतर," तो म्हणाला. "पट्टा सुटला तर आपण कुणीच वाचायचो नाही."

"चालव," मी म्हटलं. मला खरंच जगायची पर्वा नव्हती. मधुकर मेलेला बघायचा, एवढंच डोक्यात होतं.

गाव संपलं तसा संतोषनं पाय दाबला. वारा तोंडावर भाजत होता. डांबर इतकं तापलं होतं की लांबवर रस्ता ओला दिसायचा. मधुकरच्या तोंडातलं रक्त वाऱ्यानं उडून काचेवर यायचं आणि संतोष ते पुसायला वायपर लावायचा. समोरनं लॉरी आली की हा मुद्दाम तिच्याकडं जीप घालायचा, मधुकर पाय आखडून किंचाळायचा, आणि शेवटच्या क्षणाला संतोष जीप बाजूला ओढायचा. एका लॉरीचा आरसा मधुकरच्या खांद्याला घासून गेला, शर्ट आणि कातडी दोन्ही फाटली. मी हसले. हो, हसले.

केळगेरी जवळ येत चालली आणि माझ्या बुडाखालनं आवाज यायला लागला. धप्. धप्. धप्. लक्ष्मणच्या जीपमधनं वाचलेल्या माणसांनी हाच आवाज सांगितला होता. पट्टा सुटायच्या आधी तो एका जागी फुगतो आणि रस्त्यावर आपटतो. संतोषनं माझ्याकडं पाहिलं. त्यालाही ऐकू आला होता. त्यानं पाय आणखी दाबला.

तेव्हा मागनं अप्पांनी त्याचा खांदा धरला.

"थांब, संतोष. त्यानं मला सांगितलं होतं."

"काय?"

"चढणीवर. बॉनेटवर बसून सांगितलं मला. म्हणाला, अप्पा, हे चिखलाचे टायर. उन्हाळ्यात भरून डांबरावर पळवले तर पट्टा सुटंल, पोरांना तेवढं सांगा. मी म्हटलं, तू मला शिकवू नको. इतक्या वर्षांत चढणीनं मला कधी फसवलं नाही. आणि टोपी उडवली."

"खोटं!" संतोष ओरडला. "ह्या भाड्याला वाचवायला खोटं बोलायलाय तुम्ही!"

"खरं हाय रे. हलगी वाजत होती, कुणाला ऐकू गेलं नाही. मीपण कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर चढणीला काय किंमत राहिली असती? तुझ्या अण्णाला मी मारला."

संतोषनं ऐकून घेतलं आणि जीप आणखी पळवली. बाप खुनी आहे हे मानण्यापेक्षा त्याला मधुकरला मारणं सोपं होतं. मला मात्र अप्पांचं तिथल्या तिथं पटलं. तेरा दिवस गावातल्या शेंबड्या पोरानंसुद्धा मधुकरला शिव्या घातल्या होत्या. अप्पांनी एकही घातली नव्हती. वाचा बसली होती ती दुःखानं नव्हती तर!

मारायचा माणूस बॉनेटवर नव्हता, मागं पोत्यांवर बसला होता. मी संतोषला म्हटलं, थांब. तो थांबेना. डिझेलची जीप चावीनं बंद होत नाही, तिचं इंजिन बंद करायला एक मूठ ओढावी लागते, हे ड्रायव्हरच्या बायकोला कुणी शिकवायला नको. मी वाकून मूठ धरली. संतोषनं कोपर माझ्या नाकावर मारलं. नाकातलं रक्त घशात उतरलं. मी त्याच हाताच्या मनगटाला दात लावले आणि हाड लागेपर्यंत चावले. तो ओरडला, हात सुटला, मी मूठ ओढली. इंजिन मेलं. जीप झोकांड्या खात रस्ता सोडून उतरली, पोती उडाली, आणि शेताच्या बांधाला नाक लावून उभी राहिली.

मागच्या चाकाचा पट्टा अर्धा सुटून लोंबत होता.

मधुकर जिवंत होता. बांधाच्या धडकेनं त्याचा पाय मोडला होता, मांडीतनं हाड वर आलं होतं. मी त्याचा दोर सोडायला लागले. आवळलेली गाठ सुटेना, शेवटी गाडीतला कोयता घेऊन कापली. तो खाली पडला आणि तुटक्या दातांनी म्हणाला, "अक्का, मी सांगितलं होतं."

मी त्याच्या त्याच तोंडावर चपराक मारली. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं कुणी म्हणेल, पण मधुकर काही संन्यासी नव्हता. "एका म्हाताऱ्याच्या कानात सांगितलंस?" मी ओरडले. "वर पंधरा ड्रायव्हर उभे होते! हलगी थांबवून सांगायचं होतंस. पण मग तुझा माल कोण घेणार होतं?" त्यानं मान फिरवली.

संतोष रस्त्याच्या कडेला बसून ओकत होता. अप्पा पोत्यांखालनं सरपटत बाहेर आले. त्यांनी जीपमधली टामी उचलली आणि माझ्यासमोर धरली.

"संतोषला जमायचं नाही," ते म्हणाले. "तू मार, पोरी."

लोक मला विचारतात, तेव्हा तुझ्या मनात काय आलं? सासऱ्यांचे पाय धरायची रीत, वयाचा मान, हे सगळं आठवलं असेल ना? काही आठवलं नाही. लक्ष्मणचा उघडा डोळा आठवला. एक वाक्य. ह्या माणसानं घरी येऊन एक वाक्य बोलायचं होतं, की बाबा, उन्हाळ्यात सांभाळून. आपल्या टोपीसाठी तेवढं बोलला नाही. मी टामी दोन्ही हातांनी धरली आणि मारली. ते डोकं पुढं करून उभे होते. मी डोक्यावरच मारायला गेले, पण माझ्या डोळ्यांत पाणी होतं, घाव उजव्या खांद्यावर बसला. हाड फुटल्याचं मला हाताला कळलं. अप्पा गुडघ्यांवर बसले. मी दुसऱ्यांदा टामी उचलली तेव्हा संतोष मधे पडला, माझ्या पायांना मिठी मारून लहान पोरासारखा रडायला लागला. मग मी टामी शेतात फेकून दिली.

केस झाली नाही. दवाखान्यात मधुकरनं जॅक घसरून जीप अंगावर पडली असं सांगितलं, अप्पांनी जीपमधनं पडलो असं. खरं सांगितलं असतं तर चढणीवर काय बोलणं झालं तेही बाहेर आलं असतं, दोघांनाही ती सोय नव्हती. मधुकरनं रायापूरचं दुकान बंद केलं. संतोष हुबळीला लॉरीवर लागला. मनगटावर माझ्या दातांची खूण घेऊन दिवाळीला येतो, अप्पांशी बोलत नाही आणि परत जातो. सासूबाई दोन वर्षांत गेल्या.

आता घरात मी आणि अप्पाच असतो. त्यांचा उजवा हात परत कधी वर गेला नाही, आणि डाव्या हातानं अन्नाला शिवायचं नाही हा त्यांचा हट्ट. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यामुळं सकाळ-संध्याकाळ त्यांना घास मी भरवते. पहिल्या दिवशी ते तोंड उघडेनात, तेव्हा मी जबडा धरून भाकरी कोंबली होती. अजूनही कधी डोक्यात सणक गेली की घास जरा जोरानं जातो. ते चावून गिळतात. मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि त्यांनी माफी मागितलेलीही नाही. पण भाकरी मी त्यांना शिळी घालत नाही, दोन्ही वेळेला ताजी थापते.